बाथरूमकडे वळवलेला बाण

मित्रांनो, मी एक जुना फलक आहे. इंडियानापोलिसच्या शर्यतीच्या मैदानावर मला धावपट्टीलगतच्या भिंतीवरून बाहेर धरतात. खरे सांगायचे तर, धरत असत. गाडी सुसाट समोरून जाते आणि तेवढ्या क्षणात चालकाने माझ्यावरची सूचना वाचायची असते.

मला डेल्बर्टने घडवले. अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, लांब दांडा, आणि हुकांना अडकवायच्या पिवळ्या आकड्यांच्या पट्ट्या. सगळ्यांत मोठा होता बाण. बाण दिसला की चालकाने पुढच्या फेरीला इंधनासाठी आत यायचे. सतरा वर्षे डेल्बर्टने मला भर उन्हात धरले आणि मी एकदाही चुकीचे सांगितले नाही. आमच्या एका विजेत्याने तर, जिंकणाऱ्याने दूध प्यायच्या तिथल्या रिवाजाप्रमाणे, दुधाची बाटली तोंडाला लावण्याआधी मला थोपटले होते.

मग रेडिओ आला. सगळे चालकाच्या कानातच बोलू लागले आणि माझे दिवस फिरले. तीनची पट्टी कॉफीच्या कपाखाली गेली. सहाची पट्टी डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली गेली. आणि बाण? मुख्य मेकॅनिक व्हर्लिनने तो बाथरूमची वाट दाखवायला गॅरेजच्या भिंतीवर स्क्रूने बसवला! म्हणे, "पाहुणे सारखे विचारतात, डोकं उठतं माझं."

गेल्या मे महिन्यात आमची गाडी ऱ्होंडा चालवणार होती. मालकाने तिला बजावले होते, पहिल्या दहांत आलीस तरच पुढच्या वर्षी गाडी तुझी. आणि नेमके शर्यतीच्या सकाळी गॅरेजच्या दारात शेंगेचे टरफल सापडले. आमच्याकडे शेंगदाणा म्हणजे घोर अपशकुन. व्हर्लिनसकट सगळे शहाणे गुडघ्यांवर रांगत बाकांखाली टरफले शोधू लागले.

"व्हर्लिन, माझ्या रेडिओची बॅटरी बदललीस का?" ऱ्होंडाने विचारले.

"आधी टरफलं! एक जरी राहिलं ना, तर गाडी भिंतीवर आदळेल."

"गाडी मी चालवते रे, शेंगदाणे नाही चालवत!"

ती हेल्मेट उचलून तणतणत निघून गेली. बॅटरी राहिली ती राहिलीच. मला तोंड असते तर मी तिथेच ओरडलो असतो.

व्हायचे तेच झाले. शर्यत शेवटाकडे आली आणि रेडिओ मुका झाला. टाकीत जेमतेम पंधरा फेऱ्यांचे इंधन होते. ऱ्होंडाला वाटले, व्हर्लिन सकाळच्या भांडणावरून फुगून बसलाय. ती तशीच पळत राहिली. व्हर्लिन भिंतीवर वाकून हातवारे करत होता. पण हातवारे तर तिथे प्रत्येक जण करत होता.

"अरे, तो फलक आणा! बाण कुठंय बाण?"

"तूच लावलायस ना, बाथरूमच्या वाटेवर!" डेल्बर्ट म्हणाला आणि अडुसष्ट वर्षांचे कुरकुरते गुडघे घेऊन धावत सुटला. तो बाण उपटत होता, तर एक पाहुणा त्याच्यावरच डाफरला, "अहो, मग आम्ही जायचं कुठे?"

डेल्बर्टने धापा टाकत परतून बाण माझ्या हुकाला अडकवला आणि मला भिंतीबाहेर धरले, तेव्हा चार फेऱ्यांचे इंधन उरले होते. ऱ्होंडा समोरून गेली. तिने पाहिलेच नाही. तिला माझ्याकडे पाहायची सवय कुणी लावली होती? दुसऱ्यांदाही गेली. मी अक्षरशः रडकुंडीला आलो. मग डेल्बर्टने मला असे गदागदा हलवले की माझ्या पत्र्यावर ऊन चमकले आणि तिचे हेल्मेट वळले. पुढच्या फेरीला ती आत आली.

तिने नववा क्रमांक मिळवला. गाडी तिची राहिली.

"बघितलंत? सकाळी टरफलं वेचली म्हणून निभावलं!" व्हर्लिन म्हणाला, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी बाण पुन्हा बाथरूमच्या वाटेवर गेला.

डेल्बर्टने ते ऱ्होंडाला सांगितले. ती स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आली, बाण काढला, स्वच्छ पुसला आणि माझ्या हुकाला अडकवला.

"अगं, पाहुणे मलाच विचारतील!" व्हर्लिन कुरकुरला.

"विचारू देत. त्यांना थांबून विचारता येतं. मला येत नाही."

मित्रांनो, जुन्या वस्तूंची पूजा नका करू. फक्त त्यांचे तुकडे जागच्या जागी असू द्या. आणि शकुन पाहायचाच असेल तर खुशाल पाहा, पण आधी बॅटरी बदला.