खालून दिसणारा चेहरा

भावाला मारणारा माणूस रोज सकाळी समोर स्टुलावर येऊन बसायचा, आणि पाथरवटाला त्याचा संत करायचा होता. बिशपचा हुकूमच तसा होता. नव्या चर्चच्या दक्षिण दारावर संत मोरिस उभा राहील, अंगात चिलखत, हातात भाला, आणि तोंडावळा सरदार एंगेरांचा. शहर वठणीवर आणल्याचं हे बक्षीस.

वठणीवर आणलं म्हणजे काय, तर विणकरांनी स्वतःची घंटा मागितली होती. बिशपच्या घंटेवर उठणार नाही, आमची घंटा आम्ही वाजवू, एवढंच म्हणत ते पुलावर जमले. एंगेरांने त्यांच्या अंगावर घोडे घातले. अकरा मेले, त्यात पाथरवटाचा थोरला भाऊ गारनिए. त्याची बायको हेरसां दहा पावलांवर होती. तिने मारणाऱ्याचा चेहरा पाहिला, न्यायाधीशापुढे त्याचं नाव सांगितलं. एंगेरांने चर्चमध्ये जपलेल्या संताच्या पवित्र हाडांवर हात ठेवून शपथ घेतली की मी त्या दिवशी पुलावर नव्हतोच, वेशीवर होतो. सरदाराची शपथ खरी ठरली, आणि विणकराच्या विधवेला खोट्या साक्षीबद्दल भर बाजारात फटके बसले.

"भावोजी, त्याला संत करणार तुम्ही?" हेरसांने विचारलं.

"वहिनी, तुम्ही पाहिलात तोच चेहरा करीन. सगळं गाव बघेल."

"तुम्ही कुठे पाहिलाय तो?"

खरंच होतं. स्टुलावरचा एंगेरां असा सोज्वळ चेहरा करून बसायचा की उपासाच्या दिवशी त्याने पाणीसुद्धा घेतलं नसेल असं वाटावं. पाथरवटाला त्याची शिसारी यायची.

चर्चवरची मूर्ती खाली घडवतात आणि वीस हात उंच चढवतात. जमिनीवर देखणा दिसणारा चेहरा वर गेला की नुसती हनुवटी आणि नाकपुड्या उरतात. म्हणून जाणता पाथरवट मूर्ती कलती उभी करतो, तिच्या पायाशी उताणा पडतो, खालून बघतो आणि मग छिन्नी चालवतो. गारनिएनेही मरताना त्या माणसाला खालूनच पाहिलं होतं. पाथरवटाला तेच बघायचं होतं.

एका सकाळी एंगेरां पाव आणि खारवलेला मासा खात बसला होता. "अरे दगडफोड्या, नाक जरा सरळ कर. आमच्या आईला बरं वाटेल."

"सरदार, पुलावर माझा भाऊ तुम्हाला हसला म्हणे."

"मी पुलावर नव्हतो."

"त्याच्या हसण्याने तुमचा घोडा बुजला, असं बाजारातल्या बायका सांगतात."

पहिली लाथ पोटात बसली. पाथरवट दगडाच्या कपच्यांवर उताणा पडला. एंगेरांने बूट त्याच्या गळ्यावर ठेवला, बाकावरची लाकडी मोगरी उचलली, त्याचा डावा हात दगडावर दाबून धरला आणि दोन बोटं ठेचली. मग पुन्हा तीच दोन. पाथरवट किंचाळला, पण डोळे त्याने मिटू दिले नाहीत. वरच्या ओठाची डावी बाजू उचललेली. खालच्या पापण्या ताणलेल्या. राग असा फारसा नव्हताच त्या चेहऱ्यावर. त्याला मजा येत होती.

"तुझा भाऊ हसला नाही," एंगेरां धापा टाकत म्हणाला. "डुकरासारखा ओरडला." त्याने मोगरी फेकली आणि उरलेला पाव उचलून निघून गेला.

उरलेल्या तीन बोटांत छिन्नी धरून पाथरवटाने चार महिने काम केलं. समोरून चेहरा शांत होता. एंगेरां बघून गेला, खूश झाला. पाथरवटांचा मुकादम मात्र जुना माणूस. तो मूर्तीच्या पायाशी उताणा पडला, बराच वेळ पडून राहिला आणि धूळ झटकत उठला.

"हे वर चढलं की आपल्या पाथरवटांच्या खोपटीत तू कधी कामाला नव्हतासच," तो म्हणाला. "तुझं नाव कोणी घेणार नाही."

संत मोरिसच्या सणाला, भर दुपारी, मूर्तीवरचं कापड ओढलं. ऊन माथ्यावर होतं. भुवयांची सावली डोळ्यांत पडली, ओठ उचलला गेला. पुलावरून जे जिवंत परतले होते त्यांच्यातला एक म्हातारा रंगारी मटकन खाली बसला.

एंगेरांनेही मान वर केली. पाथरवटाला वाटलं, आता हा तलवार काढणार. पण त्याची छाती फुगली.

"मीच हा," तो शेजारच्यांना म्हणाला. "हुबेहूब. लढाईत मी असाच दिसतो."

"कुठल्या लढाईत, सरदार?" रंगाऱ्याने खालूनच विचारलं. "नऊ वर्षं आम्ही तुमच्या तोंडाकडे बघतोय. पुलावरचा दिवस सोडला तर तुम्ही तलवार उपसली कधी?"

दाराशी कपच्यांचा ढीग होता. पहिली कपची कोणी मारली ते कळलं नाही, दुसरी हेरसांने मारली. त्याचं कानशील फुटलं, मग दात. त्याने तलवार उपसून रंगाऱ्याचा खांदा चिरला, तसे विणकर त्याच्यावर तुटून पडले. त्याला पाय धरून पायऱ्यांवरून ओढलं, आणि प्रत्येक पायरीवर त्याचं डोकं आपटलं.

पाथरवट मोगरी घेऊन आला तेव्हा लोक बाजूला झाले. एंगेरां जिवंत होता. तो हात आडवा धरून वर बघत होता, तोंडातून रक्त आणि "नको, नको" येत होतं. पाथरवट वाकला. आपला ओठ डावीकडे उचलला गेलाय हे त्याला कळलं. तो चेहरा चार महिने त्याच्या बोटांत होता, त्याची रेघ न् रेघ त्याला ठाऊक होती. आणि त्याला मजा येत होती. त्याने मोगरी घातली. एंगेरांचा हात खाली पडल्यावरही तो घालत राहिला.

थांबला तेव्हा समोर हेरसां उभी होती. ती दोन पावलं मागे सरली.

बिशपचे शिपाई भाले रोखून गर्दीत घुसले. त्यांच्या नाईकाने प्रेताकडे पाहिलं, मग पाथरवटाच्या रक्ताळलेल्या एप्रनकडे. हेरसांला त्याने दंडाला धरून पुढे ओढलं.

"हा कोण? तुझ्या नात्यातला ना? नाव सांग याचं."

हेरसांने पाथरवटाच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

"मी ओळखत नाही याला," ती म्हणाली.