म्हातारीचा रुमाल

थोरलीच्या उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या दोन बोटांना, टोकापासून साधारण साडेचार सेंटिमीटरपर्यंत, काही कळत नव्हतं. तिने ते सुईने टोचून तपासलं होतं. त्यापुढे अंधुक जाणीव सुरू होई. तीन महिन्यांत ती हद्द तसूभरही सरकली नव्हती. मनगटाची शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी आता आशा धरू नका, असं सरळ सांगितलं होतं. घरात मात्र शस्त्रक्रिया झाली म्हणजे हात बरा झाला, असंच सगळे धरून चालले होते आणि तिनेही ते तसंच राहू दिलं होतं.

थोरली आणि धाकटी, दोघी जावा. सासऱ्यांनी घडवलेल्या म्हातारीच्या लाकडी बाहुलीचा खेळ त्या अठरा वर्षं करत आल्या होत्या. डोकं थोरलीकडे, मानेची खुंटी तिच्या त्याच दोन बोटांत असे. म्हातारीचे दोन्ही हात धाकटीकडे. सासऱ्यांचा दंडक एकच होता: आपल्या हाताकडे बघायचं नाही, म्हातारी बघते तिकडे बघायचं. आपली नजर हातावर गेली की प्रेक्षकांचीही जाते, आणि मग उरतं ते नुसतं लाकूड.

महोत्सवातला त्यांचा खेळ काल झाला होता. संयोजकांनी तीन वर्षांचा दौरा देऊ केला होता आणि डोकं कोण चालवणार हे आज सहापर्यंत लिहून मागितलं होतं. तोवर दिवस मोकळा होता. इतरांचे खेळ बघायचे आणि प्रत्येकातली एक चूक आणि एक चोरण्याजोगी गोष्ट सांगायची, हा दोघींचा जुना शिरस्ता.

सकाळी एका गोदामात नाच बघितला. धाकटीने चूकही काढली आणि चोरीही ठरवली; थोरलीला दोन्ही सुचेना. दुपारी शिडीवरच्या विदूषकाचा खेळ होता. धाकटी डोळे पुसपुसून हसली. थोरलीने शिडीच्या पायऱ्या मोजल्या, अकरा भरल्या.

"ताई, हसलात तर काही दंड नाही लावत इथे," धाकटी म्हणाली.

वाहनतळावर पन्नासेक जण एका सुरात गात होते. थोरलीच्या शेजारची बाई मुसमुसून रडली. थोरलीने तिला रुमाल दिला आणि घड्याळ बघितलं. सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं. आत काही उतरत नव्हतं.

चार वाजता एका शाळेच्या सभागृहात बाहुल्यांचा खेळ होता. खलाशाची बाहुली सुंदर होती, पण चालवणारा तरुण सारखा आपल्या मुठीकडे बघत होता. थोड्याच वेळात सभागृहात चुळबुळ सुरू झाली.

"हाताकडे बघतोय बघा," धाकटी सवयीने कुजबुजली आणि एकदम गप्प झाली. तिने थोरलीकडे बघितलंसुद्धा नाही. खेळ संपेपर्यंत ती मांडीवरची कार्यक्रमपत्रिका दुमडत राहिली.

त्या गप्प बसण्याने थोरलीला कळलं. गेले तीन महिने म्हातारी मध्येच हात उचलून डोक्यावरचा रुमाल सारखा करायला लागली होती. लोकांना ती लकब फार आवडली. एकाने तर वर्तमानपत्रात तिच्यावर कौतुकाने लिहिलं. थोरलीने मात्र धाकटीला झापलं होतं की हे नसते चाळे कशाला, हात आपल्या जागी ठेव. धाकटीने ऐकून घेतलं होतं आणि पुढच्या खेळात पुन्हा तेच केलं होतं. आता थोरलीने एकेक खेळ आठवून बघितला. बोटांना खुंटी कळेना म्हणून तिची स्वतःची नजर तिकडे गेली की म्हातारीचा हात डोक्याकडे जाई. मग लोकांना वाटे, थोरली म्हातारीच्या रुमालाकडेच बघतेय.

बाहेर आल्यावर तिने विचारलं, कधीपासून माहीत होतं. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्याच खेळापासून, असं धाकटी म्हणाली. बोलली का नाहीस, यावर तिचं उत्तर होतं की तुम्ही सांगाल म्हणून थांबले. थोरलीला लाज वाटायला हवी होती, किंवा हायसं तरी. दोन्हींपैकी काही वाटलं नाही. एवढंच लक्षात आलं, की आपण दोन बोटं लपवली आणि ती झाकायला हिचे दोन्ही हात गुंतले.

संयोजकांच्या टेबलाशी रांग नव्हती. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी कागद पुढे घेतला. "डोकं ताईंकडेच ना? उगाच विचारतोय म्हणा."

"हो, ताईच," धाकटी घाईने म्हणाली.

"थांब गं," थोरली म्हणाली. "नाव हिचं लिहा. माझी बोटं गेलीत, ती परत यायची नाहीत. डोकं यापुढे ही चालवेल."