ज्या पडण्याला सगळे हसले

मी एक जुना माईक आहे. काळा, वजनदार, मुठीत नीट मावणारा. माझ्या डोक्यावरच्या जाळीला एका बाजूला खोल पोचा पडला आहे. मला पहिल्यांदा हातात घेणारा माणूस त्या पोच्यावरून बोट फिरवतो आणि विचारतो, "हा कुणी आपटला?" मग कुणीतरी सांगतं, "एका नटानं. फार तापट माणूस." मित्रांनो, हे उत्तर ऐकलं की माझं डोकं फिरतं. तो माणूस तापट नव्हता आणि त्यानं मला आपटलंही नव्हतं. त्या दिवशी हजर असलेल्या कुणीच खरं सांगितलं नाही, म्हणून आज मीच सांगतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. चष्मा लावलेल्या एका बाईंनी केसाहून बारीक तारा माझ्या पोटात जोडल्या. मग मला स्पंजाच्या गादीवर झोपवून खोक्यात बंद केलं आणि दुकानात पाठवलं. तिथून मला एका चित्रमंडळाच्या चिटणीसांनी आणलं. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर या मंडळाचा हॉल होता. घडीच्या खुर्च्या, भिंतीवर पांढरा पडदा, समोर बुटकं लाकडी व्यासपीठ. खिडक्यांना जाड पडदे होते आणि त्यांच्या फटी सेफ्टी पिनांनी मिटवलेल्या असत. दर आठवड्याला संध्याकाळी सिनेमा दाखवायचे. सिनेमा संपला की दिवे लागायचे आणि मी या हातातून त्या हातात फिरायचो. पाहिलेल्या सिनेमाबद्दल ज्याला जे वाटलं ते त्यानं बोलायचं, असा मंडळाचा नियम.

सुरुवातीचे दिवस फार सुखाचे होते. चिटणीसकाका मला रोज रुमालानं पुसायचे, माझी वायर गोल गुंडाळायचे. लोक म्हणायचे, "काय खणखणीत आवाज आहे हो या माईकचा!" आणि बोलणंही ऐकण्यासारखं असायचं. नटीनं पत्र न वाचताच घडी कशी घातली, म्हाताऱ्या नटानं दाराची कडी लावताना पाठ कशी वाकवली, यावर माणसं भांडायची. मला वाटायचं, बघायला शिकलेल्या माणसांचा आवाज होणं यासारखं भाग्य नाही.

पण हळूहळू मंडळ वाढलं आणि बघणारे कमी, बोलणारे जास्त झाले. जो तो मला हिसकावून घेऊ लागला. कुणी तोंडात फुंकर मारायचा, कुणी डोक्यावर टिचक्या. तुमच्या कपाळावर टिचक्या मारून कुणी विचारलं, 'ऐकू येतंय ना?' तर चालेल का तुम्हाला? दातांचे एक डॉक्टर होते. मध्यंतरानंतर त्यांची मान छातीवर पडायची ती दिवे लागल्यावरच वर यायची. पण मला पहिले पकडायचे तेच. "अभिनयात खोली नाही," असं म्हणायचे. स्वतः मात्र खोल झोपेतून उठलेले असायचे! बँकेतले एक गृहस्थ होते. ते तर सरळ सांगायचे, "मी नुसता ट्रेलर पाहिलाय, पण त्यावरून अंदाज येतोच की." आणि सगळ्यांचा एक लाडका शब्द होता, रेंज. या नटाला रेंज आहे, त्या नटीला रेंज नाही. मला आधी वाटायचं, रेंज फक्त फोनला लागते. मग कळलं की नटाच्या आवाक्याला हे लोक असं म्हणतात. दुसऱ्याचा आवाका मोजायची फूटपट्टी मात्र प्रत्येकाच्या खिशात!

त्यातल्या त्यात मला औषधाच्या दुकानाच्या मालकीणबाई आवडायच्या. त्यांना सगळे औषधवाल्या ताई म्हणत. त्या पूर्ण सिनेमा बघायच्या, मोकळेपणानं रडायच्या आणि हसायच्या तर इतक्या जोरात की खालच्या मजल्यावर वाचणारे लोक वर बघायचे.

अशातच एकदा मंडळात धडपडेकाका आले.

धडपडे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. ते सिनेमातले नट होते आणि प्रत्येक सिनेमात पडायचे. शिडीवरून पडायचे, सायकलवरून पडायचे, कपबशांचा ट्रे घेऊन पडायचे. सगळ्या कपबशा फुटायच्या आणि एक भरलेला कप मात्र त्यांच्या हातात तसाच, थेंबही न सांडता. लोक शिट्ट्या मारायचे. आयुष्यभर त्यांना दुसरं काम कुणी दिलं नाही. म्हातारपणी मात्र एका नवख्या दिग्दर्शकानं त्यांना मोठी भूमिका दिली होती. तो सिनेमा त्या दिवशी आमच्या हॉलमध्ये दाखवणार होते. पहिल्या रांगेत काका बसले होते, इस्त्रीच्या साध्या शर्टात. शेजारी त्यांची मुलगी होती. ती मोठ्या रुग्णालयात नर्स होती.

त्या सिनेमात काका एका गोदामाचे रखवालदार होते. मुलगा ज्या कारखान्यात कामाला असतो, तिथं आग लागते. बाप दिवसभर रुग्णालयाच्या पायऱ्यांवर बसून राहतो. शेवटी आतून एक माणूस येतो आणि मुलाची डब्याची पिशवी त्यांच्या हातात देतो. काका उठतात. पिशवी छातीशी धरून दोन पायऱ्या उतरतात आणि पडतात.

आणि आमचा हॉल हसला.

खो खो हसला, मित्रांनो! पडद्यावर एका बापाचं पोर गेलं होतं आणि इथं लोक गुडघ्यांवर थापा मारत होते. का? तर तोंड ओळखीचं होतं म्हणून. हा माणूस पडला की हसायचं, एवढंच त्यांना ठाऊक होतं. सगळ्यात मोठ्यानं औषधवाल्या ताई हसल्या. मी पडद्याजवळ स्टँडवर उभा होतो. मला पहिली रांग दिसत होती. मुलीनं वडिलांचा हात धरला. काका मात्र पडद्याकडे बघत राहिले. जणू पडद्यावर कुणी दुसराच माणूस होता आणि त्याला सोडून मान वळवणं त्यांना बरं वाटत नव्हतं.

दिवे लागले. दातांच्या डॉक्टरांनी डोळे चोळत मला घेतलं. "काकांबद्दल आदर आहे," ते म्हणाले, "पण पडणं फसलं. पूर्वीची मजा नाही. वय दिसतं."

बँकेतले गृहस्थ म्हणाले, "मी उशिरा आलो, पण एक सांगतो. हसवणाऱ्यानं हसवावं. रेंज नसताना रडायच्या भानगडीत कशाला पडायचं?" 'पडायचं' या शब्दावर पुन्हा हशा झाला.

ताई म्हणाल्या, "काका, मला तर हसू आवरेना! पण तुम्ही पुढे एकदाही हसवलं नाहीत. असं का?"

इतक्यात मागून कुणीतरी ओरडलं, "काका, एकदा इथं पडून दाखवा!" झालं! टाळ्यांचा ठेका सुरू झाला. "पडा! पडा! पडा!" मला वाटलं, चिटणीसकाका आता तरी सगळ्यांना गप्प बसवतील. पण ते हसत पुढे आले. "लोकांचा एवढा आग्रह आहे, तर होऊन जाऊ दे की!" म्हणत त्यांनी मला काकांच्या हातात दिलं.

"बाबा, नको," मुलगी म्हणाली. "गुडघा बघा आपला. चला, घरी जाऊ."

काकांनी तिच्या खांद्यावर थोपटलं आणि ते व्यासपीठावर चढले. त्यांचा तळवा कोरडा होता. त्यांनी फुंकर मारली नाही, टिचकी मारली नाही. मला हनुवटीच्या जरा खाली, नेमक्या अंतरावर धरलं. "पडतो," एवढंच म्हणाले.

ते क्षणभर नुसते उभे राहिले. मग दोन पावलं पुढे आले आणि त्यांचे गुडघे दुमडले. हात पुढे आले नाहीत. ज्या माणसानं भरल्या कपातला थेंब कधी सांडू दिला नाही, त्याच्या बोटांतून मी निसटलो. मी व्यासपीठाच्या कडेवर आदळलो, कर्कश किंचाळलो आणि बंद पडलो.

कुणी हसलं नाही. खुर्च्या कोसळल्या. "पाणी आणा! डॉक्टर, तुम्ही या ना पुढे!" दातांचे डॉक्टर दचकून म्हणाले, "अहो, मी दातांचा!" ताई धावत व्यासपीठावर आल्या आणि काकांचं डोकं मांडीवर घेऊ लागल्या. मुलगी तेवढी जागची हलली नाही. तिला माहीत होतं.

काकांनी डोळे उघडले. हळूच उठले, पँट झटकली आणि म्हणाले, "काही झालं नाही. मघाशी हसलात ना, तेच पडणं होतं हे."

मी बंद पडलो होतो. त्यामुळे मागच्या रांगांना काही ऐकू गेलं नाही. "काय म्हणाले?" "काय म्हणाले?" अशी कुजबुज होईपर्यंत काका मुलीच्या आधारानं जिना उतरून गेलेसुद्धा.

आणि मग काय झालं असेल? चिटणीसकाकांनी मला उचललं. "अरे, माईक गेला की! पडायचंच होतं तर माईक खाली ठेवून पडायचं ना!" सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, कारण बोलायला काहीतरी सापडलं. "तापट असतात हो ही माणसं." "टीका सहन होत नाही." दिवे मालवेपर्यंत माझ्यावरच चर्चा झाली. माझ्यावर, मित्रांनो! एका माईकवर! त्या माणसाचा गुडघा दुखावला का, हे एकानंही विचारलं नाही. चोर तो चोर वर शिरजोर म्हणतात, ते मी त्या दिवशी पाहिलं.

मला हॉललगतच्या कचेरीतल्या कपाटात टाकलं. सोबतीला वाळलेल्या डिंकाची बाटली, पाय मोडलेली खुर्ची आणि जुनी पोस्टरं. मंडळानं बिनवायरचा चकचकीत माईक आणला. कपाटाच्या दाराची फट होती, तिच्यातून मी तीच ती मतं ऐकत पडून राहायचो. कुणाला रेंज आहे, कुणाला नाही.

बऱ्याच महिन्यांनी एक दिवस औषधवाल्या ताई तणतणत कचेरीत आल्या.

"मी तो सिनेमा परत पाहिला," त्या चिटणीसांना म्हणाल्या. "बहिणीकडे गेले होते, तिथल्या थिएटरात. काका पडले आणि शेजारची चार माणसं हसली. त्यांच्या कानाखाली वाजवावीशी वाटली मला. मग आठवलं, आपल्या हॉलमध्ये सगळ्यात मोठ्यानं मीच हसले होते."

"अहो ताई, झालं गेलं गंगेला मिळालं."

"गंगेला नाही मिळालं. इथंच तुंबलंय. तो सिनेमा परत लावा. काकांना बोलवा. आणि त्यांची माफी मागायची ती त्यांनी धरला होता त्याच माईकवरून मागायची. कुठाय तो?"

चिटणीसांनी 'बघू', 'करू' करून पाहिलं, पण ताई हलल्या नाहीत. त्यांनीच कपाट उपसलं, मला पदरानं पुसलं आणि दुरुस्तीवाल्याकडे नेलं. त्यानं मला उघडून पाहिलं. "एक तार सुटलीय, बस. एवढ्यासाठी कपाटात टाकला होता?" पोच्याकडे बघून तो म्हणाला, "ही जाळी मात्र आता मिळत नाही."

सिनेमा परत लागला. त्या दिवशी बऱ्याच खुर्च्या रिकाम्या होत्या. काका पडद्यावर पडले, तेव्हा कुठूनतरी खसखस आली आणि तिथंच विरली. दिवे लागले तरी मला घ्यायला कुणी पुढे येईना. शेवटी दातांच्या डॉक्टरांनी घेतलं, "मी आज पूर्ण पाहिला," एवढंच म्हणाले आणि मला पुढे दिलं.

काका आलेच नव्हते. त्यांची मुलगी एकटी आली होती, ड्यूटीच्या पांढऱ्या कपड्यांतच. ताईंनी सगळ्यांसमोर तिची माफी मागितली. मग मला तिच्या हातात देत विचारलं, "पण काका का नाही आले गं? रागावलेत का अजून?"

"नाही, शूटिंगला गेलेत," मुलगी म्हणाली.

"अगं बाई, छान की! काय काम आहे?"

"हॉटेलात फरशी पुसलेली असते. साबणाच्या पाण्यावरून घसरतात. जाताना एकदा, येताना एकदा."

तिची मूठ माझ्याभोवती आवळली गेली.

"या सिनेमातलं पडणं मी शिकवलं होतं बाबांना," ती म्हणाली. "वॉर्डाबाहेर मी रोज बघते. वाईट बातमी ऐकून माणूस पडतो, तेव्हा त्याचे हात पुढे येत नाहीत. स्वतःला वाचवायचं भानच नसतं त्याला. आणि बाबांना जन्मभराची सवय, पडताना हात टेकायची. ती मोडायला किती आपटले असतील ते! स्वयंपाकघरात, गॅलरीत, जिन्यात. गुडघा तेव्हाच गेला. मग सिनेमा आला, आणि जिथं तिथं लोक हसले. वर्षभर बाबा फोनची वाट बघत होते. निर्माते म्हणाले, लोक ह्यांना बघून हसतात, गंभीर काम कसं द्यायचं? आज तुम्ही हसला नाहीत. बरं वाटलं. सांगेन मी त्यांना. पण आज ते गुडघ्याला पट्टा बांधून गेलेत, पडायला."

ती रडत नव्हती. संतापली होती. आणि मीही.

मित्रांनो, सिनेमा बघून मत सांगायला मोल पडत नाही. पण म्हणून ते कसंही भिरकावायचं नसतं. ते कुठंतरी जाऊन एखाद्या माणसाच्या अंगावर पडतं. नट एकाच साच्यातला आहे, असं म्हणताना त्याला साच्यात कोंबलं कुणी, हेही विचारा. आधी शेवटपर्यंत बघा, मग बोला. मला जपता तसं नटांनाही जपा. माझी सुटलेली तार एका दुपारीत जोडून झाली. माणसाचं एवढं सोपं नसतं.

तुमच्यापैकी कुणी मोठेपणी सिनेमे काढणार असेल, तर माझं एक ऐका. धडपडेकाका अजून आहेत. पडायची कामं त्यांना जन्मभर मिळाली. आता एकदा तरी त्यांना उभं राहायचं काम द्या.