अकरा अक्षरांचा कडा

"प्रेसिपिटस," ऑर्मरॉडसर म्हणाले आणि शब्द कुठे उमटला का, हे पाहायला त्यांनी कडा-सुरक्षा समितीच्या सगळ्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली. कुठेच उमटला नव्हता.

"म्हणजे काय हो सर?" अध्यक्ष पिंडरबाईंनी विचारलं.

"म्हणजे तुटलेला. ताठ. पाय घसरला की खालपर्यंत मधे काही लागत नाही, असा."

"मग पाटीवर सरळ 'धोका' लिहा की," दाराशी बसलेला विल्फ गार्बट म्हणाला. "आपल्या इंग्रजीत सहाच अक्षरं. फूट-फूट उंचीची काढतो. तीस पावलांवरून दिसतील."

"धोका कुत्र्याच्या फाटकावरही लिहितात, गार्बट."

हॉथरबी गावातली मासळीवाल्याची, दातांच्या डॉक्टरची, झाडून सगळ्या होड्यांची नावं चाळीस वर्षं विल्फच्याच हातची होती. पण समितीने त्याला बोलावलं होतं ते फळीची रुंदी सांगायला. मत असायला माणूस निवडून यावा लागतो.

मागच्या ऑगस्टात लीड्सहून आलेला एक पाहुणा बायकोचा फोटो काढताना मागे-मागे सरकत गेला. खाली वाळूत होडी रंगवत बसलेल्या विल्फला तो सापडला. त्याच्या बुटांच्या नाड्या दुहेरी गाठ मारून बांधलेल्या होत्या. विल्फच्या डोक्यातून त्या नाड्या काही जाईनात. या ऑगस्टची गर्दी सुरू व्हायच्या आत लोकांना लांबूनच थांबवणारी पाटी लागावी, एवढंच त्याला हवं होतं.

"माझी एक शंका," औषधांबरोबर वह्या-पुस्तकंही विकणारा दुकानदार टॅटर्सल म्हणाला. "पेपरात हा शब्द घाईसाठी येतो. सरकारने प्रेसिपिटस निर्णय घेतला, असं. पाहुण्यांना वाटायचं, इथे घाई करा!"

सरांचा चेहरा कुणी त्यांच्या चहात मीठ टाकल्यासारखा झाला.

"तो अडाण्यांचा वापर! अविचारी घाईसाठी प्रेसिपिटेट आहे. त्याच घरातला, पण धाकटा भाऊ. थोरल्याचा कोट धाकट्याने घालून हिंडू नये."

यावर तीन बैठका झाल्या. चौथीला सरांनी घरून कोश आणला, टॉवेलात गुंडाळून, बाळासारखा. दुर्दैवाने कोशात दोन्ही अर्थ निघाले. कोशही बिघडला, असं सरांनी जाहीर केलं आणि समितीने पाच विरुद्ध एक मतांनी कोशाबद्दल नापसंती व्यक्त केली. विरोधातलं मत टॅटर्सलचं. कोश त्याच्याच दुकानात मिळायचा.

मधे कड्याचा चार फुटांचा लचका समुद्रात गेला. समितीने त्याची नोंद घेतली.

"काय ठरलं?" घरी विल्फच्या बायकोने, डोरिनने विचारलं.

"घाईने काही ठरवायचं नाही, असं ठरलं."

"आणि तोवर माणसं काय, हवेत धरून ठेवणार आहेत का हे?"

जुलै संपता संपता शब्द मंजूर झाला. फळी मार्चमध्येच कापून झाली होती, सहा अक्षरांच्या मापाने. तिच्यावर अकरा बसवायची, त्यात सरांना चारी बाजूंनी रुंद समास हवा, तर अक्षरं बोटभर झाली. विल्फने ती नेहमीसारखीच सुबक काढली. वाईट काढणं त्याला जमत नसे. तीस पावलांवरून ती मुंग्यांच्या रांगेसारखी दिसत. शिवाय शब्दाने आपल्या अर्थाशेजारी उभं राहावं, अशी सरांची इच्छा होती, म्हणून पाटी कड्यापासून दोन फुटांवर रोवली गेली.

त्यामुळे जे लोक पूर्वी कड्याकडे फिरकतही नव्हते, ते आता पाटी वाचायला टोकापर्यंत येऊ लागले.

विल्फ धावत सरांकडे गेला. "सर, माणसं वाचायला पुढं जातायत!"

"बघ," सरांचे डोळे भरून आले. "या गावात लोक वाचायला लागले, गार्बट!"

दुसऱ्या दिवशी विल्फ स्वतःच पाटीजवळ जाऊन उभा राहिला. दुपारी ब्रॅडफर्डची एक बाई दोन मुलांना घेऊन थेट पाटीपर्यंत आली.

"आजोबा, हे काय हो लिहिलंय? पक्ष्याचं नाव आहे का?"

विल्फने तोंड उघडलं. तुटलेला, ताठ, मधे काही लागत नाही... सरांची सगळी वाक्यं त्याला पाठ होती. पण मोठा मुलगा तोवर फळीच्या पलीकडे डोकावत होता. विल्फने डोक्यावरची टोपी काढली, कड्याबाहेर हात लांब केला आणि सोडून दिली.

टोपी खाली गेली. मग आणखी खाली गेली. बशीएवढी झाली, बटणाएवढी झाली, मग नुसता समुद्र राहिला. बाईने दोन्ही मुलांच्या कॉलरी धरल्या आणि त्यांना दहा पावलं मागे नेऊन ठेवलं. अर्थ तिने पुन्हा विचारला नाही.

त्या उन्हाळ्यात विल्फच्या नऊ टोप्या गेल्या. एक वाऱ्याने परत वर आणून दिली, तर त्याने ती पुन्हा टाकली. समोरच्या कुटुंबाला अर्थ अजून पोचला नव्हता. डोरिनने आधी त्याला वेड्यात काढलं, मग चर्चच्या जुन्या कपड्यांतून टोप्या शोधून आणायला लागली. शेवटी तिथल्याही संपल्या. पण कुणी पडलं नाही.

सप्टेंबरात समिती कड्यावर जमली, पाटीपासून सुरक्षित अंतर राखून. एका अचूक शब्दाने माणसं वाचली, असं पिंडरबाई म्हणाल्या. सरांच्या सन्मानार्थ सगळ्यांनी टोप्या काढल्या.

विल्फ मागे उभा होता. उन्हाने त्याचं टक्कल सोलवटून निघालं होतं. त्याच्यापाशी काढायला काही नव्हतं, म्हणून तो जरा ताठ उभा राहिला.