अपुरा पाठ

सरूबाईंनी फळ्यावर खांब काढला, त्याच्या पायथ्यापासून लांब सावली ओढली आणि पलीकडे कलता सूर्य काढला, तोच घंटा झाली. शेवटचं वाक्य त्यांनी टोल्यांच्या आवाजातच पुरं केलं. फळा भरलेला, अक्षर मोत्यासारखं, समारोप झालेला. शहागंजातल्या त्या शाळेतली तिसरीची पोरं हाताची घडी घालून गप्प बसली होती. सरूबाईंनी बोटांवरचा खडू झटकला आणि मागच्या बाकाकडे पाहिलं. तिथं ट्रेनिंग कॉलेजातले भिकन सर बाईंचा सराव पाठ बघायला बसले होते.

पोरं बाहेर पळाल्यावर भिकन सर पुढे आले. पंचविशीतला सडपातळ तरुण. गारखेड्याच्या धनगरवाड्यातला. त्याला पहिली अक्षरं सरूबाईंनीच गिरवायला लावली होती. पण कॉलेजात तो वर्गात आला की त्या सगळ्यांच्या आधी उठून उभ्या राहायच्या, आणि तो अवघडून जायचा.

"कसा झाला पाठ, सर?"

"बाई, तुम्ही मला सर म्हणू नका."

"इथं तुम्ही सरच. पाठाचं सांगा."

भिकन सरांनी फळ्यावरची सावली पाहिली. "पाठ बसला नाही, बाई. पुन्हा घ्यावा लागेल."

सरूबाईंना वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"काय चुकलं?"

"तुम्ही जितके प्रश्न विचारले, तितक्यांची उत्तरं तुम्हीच दिलीत."

"पोरांना येत नव्हती."

"त्यांना येतात का नाही, ते कळायला तुम्ही थांबलातच नाही."

"मग काय वेळ वाया घालवू?"

"हो," भिकन सर म्हणाले. आवाज मऊ होता, पण नजर खाली गेली नाही. "थोडा घालवा."

सरूबाई गारखेड्याच्या शाळेत अठरा वर्षं शिकवत होत्या. निजामाच्या राज्यात त्यांनी उर्दूतून शिकवलं. पोलिस अॅक्शन झाली, तेव्हा त्यांनी एका उन्हाळ्यात मराठी पुस्तकं पाठ केली आणि शाळा उघडली त्या दिवशी अडखळल्याशिवाय मराठीतून हजेरी घेतली. मग मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि हुकूम आला, की ट्रेनिंग नसलेल्या शिक्षकांनी प्रमाणपत्र मिळवावं, नाहीतर जागा सोडावी. नवरा, आप्पासाहेब, जेवता जेवता म्हणाले, "इतकी वर्षं शिकवल्यावर आता शिकवायचं शिकायचं?" सरूबाईंनी त्यांच्या ताटात भाकरी वाढली आणि म्हणाल्या, "ज्याला परीक्षा घ्यायची त्याला घेऊ द्या. मी आजवर नापास झाले नाय." दुसऱ्याच आठवड्यात ट्रंक घेऊन त्या कॉलेजच्या वसतिगृहात राहायला आल्या.

त्या संध्याकाळी खोलीतल्या राजाबाई खाटेवर पाय वर घेऊन बसल्या होत्या. त्याही शिक्षिका, पैठणकडच्या, बोलायला मोकळ्या.

"तुमच्या हाताखालचं लेकरू ना ते? मग जाऊन सांगा की त्याला. दोन शब्दांचं काम."

"काय सांगू?"

"की पाठ पास कर म्हणून. नाय कशाला म्हणंल?"

"तो शिकत होता तेव्हा मी त्याला कधी फुकट वर चढवलं नाय," सरूबाई म्हणाल्या. "आता त्यानं मला का चढवावं?"

राजाबाईंनी हात उडवला आणि भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या. सरूबाई मात्र बराच वेळ खिडकीशी उभ्या होत्या. राग होता, नाही असं नाही. पण रागाच्या तळाशी एक गोष्ट टोचत होती. आज वर्गात खिडकीजवळची एक मुलगी ओठ उघडून पुढे झुकली होती आणि परत मागे टेकली होती. ती काय बोलणार होती, हे सरूबाईंना ठाऊक नव्हतं. आपल्या वर्गातली एखादी गोष्ट आपल्याला ठाऊक नाही, असं त्यांना पहिल्यांदाच वाटत होतं.

त्यांनी दुसऱ्या दिवसापासून थांबायची तालीम सुरू केली, आणि ती राजाबाईंवर केली.

"राजाबाई, विहिरीचं पाणी हिवाळ्यात कोमट का लागतं?"

"मला काय ठावं?"

सरूबाई गप्प. उत्तर जिभेवर येऊन बसायचं. ते तिथंच अडवायला त्या मनातल्या मनात तेराचा पाढा म्हणायच्या. पाढा संपेपर्यंत राजाबाई वैतागायच्या, मग विचारात पडायच्या, मग काहीतरी बोलायच्या. कधी भलतंच, पण स्वतःचं. पंधरा दिवसांत राजाबाई त्यांना पाहिलं की वाट बदलू लागल्या.

"लई छळता बाई तुम्ही," त्या म्हणाल्या. आणि दोन पावलं पुढे जाऊन परत वळल्या. "पण ते विहिरीचं... पाणी तेवढंच ऱ्हात असंल. आपलं अंगच गार पडतं, म्हणून कोमट लागतं. व्हय का?"

सरूबाई हसल्या. हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत.

दुसरा पाठ त्याच शाळेत, त्याच वर्गावर होता. या वेळी भिकन सरांच्या शेजारी बाहेरगावचे परीक्षकही बसले होते, टोपी मांडीवर ठेवून. सरूबाईंनी एक ओला पंचा आणला होता. तो त्यांनी खिडकीच्या गजावर वाळत टाकला.

"हा वाळेल. मग ह्यातलं पाणी कुठं जाईल?"

वर्ग शांत. सरूबाईंनी मुठीत खडू दाबला. तेरा एके तेरा. कुणीतरी खोकलं. परीक्षकांनी टोपी सरळ केली. तेरा चोक बावन्न. आप्पासाहेबांसमोर आपण काय बोललो होतो, ते मध्येच आठवून गेलं. पाढा संपला, आणि त्यांनी तो पुन्हा पहिल्यापासून धरला.

"नीचे टपक जाता ना, बाई," खिडकीजवळची मुलगी म्हणाली.

"और जो निचोड के डाले, उस का?" मागून एका पोरानं लगेच विचारलं. "वो तो टपकता नहीं."

"वाऱ्यानं नेतं," तिसरा म्हणाला.

"वारा काय पाणी पितो व्हय?"

मग वर्ग जो पेटला, तो आवरेना. पोरं उठून पंच्याला हात लावू लागली. एकानं खालची फरशी चाचपली, कोरडी निघाली, तर त्यानं सगळ्यांना ती हात लावून बघायला लावली. सरूबाई एकाचं ऐकून दुसऱ्याकडे वळत होत्या. परीक्षक आहेत, हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं. घंटा झाली तेव्हा फळा कोराच होता.

परीक्षक दुसऱ्या वर्गाकडे निघून गेले. भिकन सर मागे राहिले.

"पाठ अपुरा राहिला, बाई."

"राहिला. उद्या येऊन पुरा करते. गुण मात्र आजचेच धरा."

भिकन सरांनी गजावरचा पंचा काढला, नीट घडी करून त्यांच्या हातात दिला. "आता गारखेड्याची पोरं तुम्हाला सोडायची नाहीत," ते म्हणाले.

निकाल लागला. सरूबाई दुसऱ्या श्रेणीत पास झाल्या. फळ्याच्या कामाला गुण कमी पडले होते. प्रमाणपत्र आप्पासाहेबांनी चौकट करून भिंतीवर लावलं आणि पाहुण्यांना आधी तेच दाखवू लागले.

जूनमध्ये शाळा उघडली. गारखेड्याची पोरं ओळीनं बसली, पाट्या मांडीवर घेतल्या आणि सवयीनं बाई काय सांगतात ते ऐकायला कान टवकारले.

"मक्याचं बी उलटं पेरलं," सरूबाई म्हणाल्या, "तर मोड कुठं जाईल?"

आणि त्या थांबल्या.

पोरं त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. बाई पुढचं सांगतील, म्हणून पाटीवर पेन्सिली टेकवलेल्या. पुढचं काही येईना. एकमेकांना कोपरं लागली. बाहेर कुणाची तरी बैलगाडी गेली, तिचा आवाज लांबवर विरून गेला.

एवढ्यात दाराशी आवडाबाई येऊन उभी राहिली. शाळेला लागूनच तिचं वावर होतं. अठरा वर्षं सरूबाईंचा आवाज तिला वावराच्या पार टोकाच्या धुऱ्यापर्यंत ऐकू येत होता.

"बाई, बरं नाय व्हय? आवाज आला नाय, म्हणून पेरणी सोडून आले."

सरूबाईंनी हातानंच बस म्हणून खूण केली. आवडाबाई उंबऱ्यावर टेकली. कुणाची वाट बघणं चाललंय, हे तिला कळेना. तिनं जवळच्या पोराला हळूच विचारलं, त्यानं तितक्याच हळू सांगितलं. आवडाबाईनं भुवया उंचावल्या, बोलायला तोंड उघडलं. सरूबाईंनी बोट वर केलं. तिनं तोंड मिटलं.

मागच्या ओळीतला सांडू उठला. त्याला वर्गात तोंड उघडताना आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

"बाई, पेरून बघू का?"

आवडाबाईच्या ओच्यात मक्याचं बी होतंच. तिनं मूठभर काढून उंबऱ्यावर ठेवलं. पोरांनी ते वाटून घेतलं, टोक कुठलं आणि बूड कुठलं यावरून तिथंच भांडण लागलं, आणि भांडत भांडत सगळा वर्ग शाळेमागच्या मोकळ्या जागेत गेला.

वर्ग रिकामा झाला. आवडाबाई पदर झटकत उठली.

"तुमाला तर ठावं असंल ना, बाई?"

"व्हय," सरूबाई म्हणाल्या, आणि चपला न घालताच पोरांच्या मागं बघायला निघाल्या.