न शोधलेली सुई

तंत्रज्ञाने आईच्या डाव्या छातीखाली सोनोग्राफीचा थंड दांडा टेकवला आणि दाबला.

"श्वास सोडा. आता धरून ठेवा."

पडद्यावर करड्या रंगाचं हृदय उघडमीट करत होतं. त्याच्या भिंतीत एक बारीक पांढरी रेघ होती आणि ती प्रत्येक ठोक्याला मान हलवत होती. लेकीने नजर वळवली. गेला आठवडाभर आई छातीतल्या कळेवर पित्ताच्या गोळ्या खात होती. काल जिना चढताना मध्येच खाली बसली, तेव्हा कुठे बाईसाहेब दवाखान्यात यायला तयार झाल्या.

शेजारी सर्जनबाईंनी एक्स-रे उजेडावर धरला होता.

"फोटो हललाय वाटतं," लेक म्हणाली. "सुई पुसट आलीय."

"फासळ्या बघा, किती स्वच्छ आहेत. फोटो हलला असता तर त्याही पुसटल्या असत्या. हलतेय ती सुई, हृदयाबरोबर."

सर्जनबाई भाजी कशी चिरायची ते सांगावं इतक्या शांतपणे बोलत होत्या. काहींच्या हृदयात अशी वस्तू वर्षानुवर्षं रुतून असते, त्रास देत नाही, तिला हात लावायचा नसतो. ही तशी नव्हती. टोक आत घासत होतं आणि हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्त साचत होतं. ते वाढलं तर हृदयाला फुलायला जागा उरली नसती. आजच छाती उघडायला हवी होती.

"ताई, नीट आठवून सांगा. सुई अख्खी होती की तुटकी? दोरा होता? काही मागे राहिलं तर जखम चिघळेल."

"अख्खी," आई म्हणाली. "दोरा होता थोडासा."

"आणि गेली कशी?"

"झोपेत. गादीवर पडली असेल."

सर्जनबाई तयारीला गेल्या. लेक तिथेच उभी राहिली. झोपेत गेलेल्या सुईत दोरा होता, हे हिला कसं माहीत?

मायलेकींचं शिवणाचं दुकान होतं आणि दुकानात आईचा एक कायदा होता. सुई हरवली की ती सापडेपर्यंत कोणी जागचं उठायचं नाही. मग गिऱ्हाईक दारात ताटकळो की चुलीवर भाजी करपो. चिंध्या झटकायच्या, लोहचुंबक फिरवायचं, सतरंजी उलटी करायची. या कायद्यापायी लेक एकदा परीक्षेलासुद्धा उशिरा पोचली होती. आणि मागच्या आठवड्यात तिने विचारलं, "तू छातीशी खोचली होतीस ती सुई कुठे गेली गं?" तर आई म्हणाली होती, "राहू दे, उद्या बघू."

लेकीला तेव्हा नवल वाटलं होतं. पण तो सगळा दिवसच नवलाचा होता. त्या दिवशी मावशी आली होती.

आजी अंथरुणाला खिळली तेव्हा मावशी एकदाही फिरकली नव्हती. आजी गेल्यावर मात्र रडायला आली. बैल गेला आणि झोपा केला. तेव्हापासून दोघी बहिणींचं बोलणं बंद होतं. आजीचं सगळं लेकीनेच केलं होतं, त्यामुळे मावशीवर तिचा राग आईपेक्षा जास्त होता. त्या दिवशी मावशी न सांगता दुकानात शिरली, एक शब्द न बोलता आईच्या गळ्यात पडली, आणि लेक कात्री आपटून आत निघून गेली होती.

आईला हिरवे कपडे चढवून ट्रॉलीवर घेतलं. कळताच धावत आलेली मावशी औषधं आणायला खाली गेली होती.

"तुला माहीत होतं सुई कुठेय ते," लेक म्हणाली. "म्हणून शोधली नाहीस. मावशीने मिठी मारली तेव्हाच गेली ना?"

"हळू बोल. येईल ती एवढ्यात."

"टोचली तेव्हा बाजूला नाही होता आलं?"

"रडत होती गं ती." आईला बोलताना धाप लागत होती. "मध्येच ढकललं असतं, तर सुई टोचली म्हणून ढकललं, हे तिला पटलं असतं का?"

"मग नंतर तरी सांगायचंस!"

"नंतर कळलं असतं तर तोंड लपवून बसली असती. पुन्हा आली नसती." आईने लेकीचं मनगट धरलं. "तिला कळता कामा नये. माझं काहीही होवो."

लेकीने रागाने मनगट सोडवून घेतलं. ट्रॉली आत गेली.

बाकड्याच्या एका टोकाला मावशी बसली, दुसऱ्या टोकाला लेक. मावशीने पाण्याची बाटली पुढे केली, लेकीने नको म्हणून मान हलवली. दार उघडायचं, कोणीतरी दुसऱ्याच कामाला जायचं, आणि दोघी अर्ध्या उठून पुन्हा बसायच्या.

शेवटी सर्जनबाई आल्या, तोंडावरचा मास्क खाली ओढत.

"निघाली. अख्खी, दोऱ्यासकट. हृदय छान चाललंय."

मावशी भिंतीला टेकून ढसाढसा रडली. लेकीचेही डोळे भरले.

"पण गादीवरची नाही ही," सर्जनबाई म्हणाल्या. "समोरून सरळ आत गेलीय, चांगली दाबली गेल्यासारखी. मला कागदावर लिहावं लागेल. झालं काय होतं?"

मावशीचं रडणं थांबलं. तिने पदर डोळ्यांवरून बाजूला केला. कपाळाला आठी पडली, आणि काहीतरी आठवू पाहावं तसा तिचा हात हळूहळू स्वतःच्या छातीकडे जाऊ लागला.

"मीच," लेक म्हणाली. "मी आईला मिठी मारली होती. सुई बघितलीच नाही."

सर्जनबाईंनी मान डोलावली आणि त्या गेल्या. मावशीचा हात खाली आला.

"डोळे फुटले होते का तुझे?" ती कडाडली. "शिवणाऱ्या घरातली मुलगी तू! माणूस छातीशी सुई लावून बसतं, एवढं कळू नये? माझ्या बहिणीचा जीव घेतला असतास!"

लेकीच्या ओठांवर आजीच्या आजारपणाची सगळी वर्षं येऊन थांबली.

"चुकलं, मावशी."

मावशीचं बोलून संपलं नव्हतं. लेक मान खाली घालून ऐकत राहिली.