घागर, कंदील, मोडकी छत्री

भागोजीबुवांच्या कीर्तनातले दृष्टांत पोथीतले नसत, इथल्याच खोऱ्यातले असत. कुणी आंधळ्याचा हात धरून त्याला रोज घाट चढवलेला, कुणी भांडलेल्या भावाच्या शेतात आधी पाणी सोडलेलं. दृष्टांत संपला की बुवा त्या माणसाचं नाव-गाव मोठ्याने घेत, आणि मंडपात त्या घरचं जे कोणी असेल ते उठून हात जोडी. तेवढ्यासाठी माणसं मुंबईहून येत.

बुवांना नावं आठवेनाशी झाली होती. पूर्वी अडलं की पुढे बसलेली त्यांची बायको चंद्राबाई नुसते ओठ हलवून नाव सुचवी. ती जाऊन दोन वर्षं झाली. मागच्या माघात पोलादपूरकडच्या एका वाडीत बुवा दृष्टांत सांगून नाव न आठवल्याने तसेच उभे राहिले. उठू लागलेला एक म्हातारा तसाच खाली बसला. तेव्हापासून बुवांनी कीर्तनच सोडलं. शिवथरकरांनी काल्याच्या कीर्तनाचं आमंत्रण म्हणून ठेवलेला नारळ आठ दिवस देवघरात तसाच होता. घ्यावा की परत पाठवावा?

बिरवाडीच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळणारी नात सेजल रविवारी घरी आली. तिने बुवांची वही घेतली. चाळीस वर्षांत माणसं भेटली तशी त्यात लिहिलेली. नाव पटकन सापडावं म्हणून दुपारपर्यंत तिने नवी सूची केली.

"घ्या आबा, आडनावावरून लावली."

बुवांनी पानं उलटली. "ह्यात तर उतेकरच उतेकर हायत गो! सात पानं! आख्ख्या वाड्याच उतेकरांच्या, शोधू कुठं?"

ती हसली आणि नावांवरून लावायला बसली. बुवांनी तीही सूची बाजूला सारली.

"नाव ठावं असतं तर वही कशाला उघडली असती?"

सेजलने पेन खाली ठेवलं. "मग आजीला कसं कळायचं?"

"कीर्तनात इचारतो कसला? कमरेवर घागर घेतल्यासारखा हात करायचो. ती वळखायची."

"अहो, आमचे मिस्त्री तेच करतात! पार्टचं नाव कुणाला येत नाही, हातानेच दाखवतात. म्हणून नावाऐवजी त्या खुणेचीच चिठी मी फळीवर लावलीय."

तिसरी सूची संध्याकाळी झाली. कंदील, घागर, मोडकी छत्री. ठसठशीत अक्षरात आधी वस्तू, पुढे माणूस, मग गाव. बुवा ओटीवर हातवारे करीत राहिले, ती नावं सांगत राहिली. दिवेलागणीला बुवांनी नारळ उचलून कपाळाला लावला.

काल्याच्या सकाळी शिवथरला मंडप भरला होता. झरा आटला त्या साली, अबोला धरलेल्या शेजारणीच्या दारात रोज अर्धी घागर ओतून जाणाऱ्या बाईची गोष्ट बुवांनी सांगितली. टाळ थांबले. नाव येईना. बुवांचा हात कमरेशी गेला.

चंद्राबाईच्या जागेवर वही घेऊन बसलेल्या सेजलचं बोट पानावरून फिरलं. तिचे ओठ हलले.

"तुळजाबाई, शिवथर!" बुवांनी मोठ्याने नाव घेतलं.

खांबाजवळ बसलेला सोनबा उठला. आईचं नाव ऐकून जोडलेले हात त्याच्याने खाली आणवेनात.

परतताना रिक्षात बुवा म्हणाले, "सेजे, आणखी एक वस्तू लिही. ओठ."

"आणि पुढे नाव?"

"ते मी लिवतो," म्हणत त्यांनी पेन मागून घेतलं आणि लिहिलं, 'चंद्राबाई'.